ऑपरेशननंतरच्या रात्री श्वास कोण मोजतं?

आपल्या अंतरवाली सराटीत 29 ऑगस्ट 2023 ला उपोषण सुरू झालं. मंडपात डॉक्टर येऊन तब्येत तपासायचे, अख्खा महाराष्ट्र बातम्या बघायचा. ते बरोबरच होतं. पण याच गावातली बाई पिशवीच्या ऑपरेशनला ॲडमिट झाली, तर रात्री तिचे श्वास कोण मोजतं? बाकड्यावर पेंगणारी जाऊबाई?

स्पष्टच बोलतो. ऑपरेशननंतर दुखणं थांबवायला देतात ती मॉर्फिन, फेंटानिल ही अफूच्या जातीची औषधं. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतलं केंद्र ‘श्वास घे’ म्हणून सांगतं. ही औषधं त्या केंद्रालाच सुस्त करतात. मॉर्फिन शिरेतून दिलं तरी पूर्ण असर व्हायला 15-20 मिनिटं लागतात. म्हणजे सुई टोचून सिस्टर निघून गेल्यावर धोका सुरू! किडनी कमजोर असेल तर औषधाचा अंश अंगात साचतो. मणक्यात दिलेलं मॉर्फिन तर 24 तासांपर्यंत कधीही दगा देऊ शकतं. वरून झोपेची गोळी दिली तर बघायलाच नको.

पेशंट आधी गुंगतो, मग श्वास मंदावतो. मिनिटाला 8 च्या खाली गेला की जिवाशी खेळ. आणि आपण म्हणतो, ‘घोरतीय, छान झोप लागली!’

‘बोटाला मशीन लावलंय की’ हे उत्तर पुरेसं नाही. ऑक्सिजन चालू असला तर आकडा 98 दिसत राहतो, आत कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. श्वास मोजायला घड्याळ आणि जागं माणूस लागतं. नॅलोक्सोन हा उतारा आहे, पण त्याचा असर मॉर्फिनच्या आधी संपतो. म्हणून तो दिल्यावरही पहारा हवाच.

मग इंजेक्शनच नको? अजिबात नाही! दुखण्यामुळे बाई खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, छातीत कफ साठतो. औषध द्या, पण लक्षही ठेवा.

2021 पासून राज्यातल्या खासगी दवाखान्यांना रुग्णहक्कांची सनद लावणं बंधनकारक आहे. उपचारांची माहिती हा आपला हक्क आहे. अंबड असो, जालना असो, सरकारी असो की खासगी, चार प्रश्न विचाराच:

कोणतं इंजेक्शन दिलं?
किती वाजता?
रात्री श्वास कोण मोजून कागदावर लिहिणार?
नॅलोक्सोन वॉर्डात आहे का?

डॉक्टर चिडले तर चिडू द्या. नातेवाईक म्हणजे फुकटची नाईट ड्युटी नव्हे!