संकटसमयीं देवावर भरंवसा

वार्षिक परीक्षा जवळ आली म्हणजे सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं मुलांचे डोळे नेहमींपेक्षां घट्ट मिटलेले दिसतात. त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. अडचणींत आईबापांकडे धांव घेणारें मूल त्यांस प्रियच असतें. (मात्र जून महिन्यापासून पुस्तक न उघडणाऱ्या विद्यार्थ्यानें देवावर एवढा भार टाकूं नये, असें आमचें मत आहे.)

परंतु आम्हांस लिहावयाचें आहे तें परीक्षेविषयीं नव्हे. एखाद्या घरीं आई अंथरुणास खिळते, सारें घर गुडघे टेकून प्रार्थना करतें, आणि तरीही ती जाते. मागाहून समाचाराला आलेला कोणी त्या पोरक्या मुलास म्हणतो, "तुमचा विश्वास कोठें तरी कमी पडला." हे शब्द क्रूर तर आहेतच, पण ते शास्त्रालाही धरून नाहींत. बाबेलच्या राजानें धगधगत्या भट्टीची भीति घातली तेव्हां शद्रख, मेशख व अबेद्‌नगो यांस देवाच्या सामर्थ्याविषयीं शंका नव्हती. पण सुटका न झाली तरी मूर्तीपुढें वांकावयाचें नाहीं, हेंही त्यांनीं ठरविलें होतें. गेथशेमाने बागेंत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रभूनें प्रार्थना केली; तो टळला नाहीं. त्याचा विश्वास उणा होता असें कोण म्हणेल?

आपल्या महाराष्ट्रांतील पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न व धर्मनिष्ठ ब्राह्मण. तीर्थयात्रा, उपवास, दानधर्म यांत त्यांनीं कसूर केली नाहीं; तरी दुष्काळांत वडील, आई व थोरली बहीण अशीं तिघें थोड्या महिन्यांच्या अंतरानें गेलीं. १८८० सालीं भाऊ गेला, १८८२ सालीं पति गेले. प्रार्थनेचा जमाखर्च मांडणाऱ्यानें या खात्यावर काय लिहावें?

पुढें १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथें गेल्या. उपाशी मुली पाहून त्यांस आपल्या घरच्या उपासमारीचे दिवस आठवले, असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. शेंकडों मुली त्यांनीं आणिल्या. पुण्यांत तेव्हां प्लेगची सांथ होती, तेथें इतक्या मुलींस ठेवतां येईना. म्हणून केडगांव येथील शेतांत छपरें उभारलीं. तेंच पुढें मुक्तिसदन झालें. १९०० सालच्या सुमारास गुजराथेंतील दुष्काळपीडित मुलीही आल्या व वस्ती दीड हजारांवर गेली. एवढ्यांच्या पोटाची तरतूद कोणत्या खजिन्यांतून व्हावी? रमाबाई देवापुढें मागणें मांडीत. आणि प्रार्थनेवरून उठून विहिरी खणवीत, मुलींस विणकाम, शेती, छापखान्याचें काम शिकवीत. हातावर हात ठेवून बसणें यालाच भरंवसा म्हणणाऱ्यांनीं केडगांव अवश्य पाहावें. पुण्याहून दौंडच्या वाटेवर तें स्टेशन लागतें.

ज्या दुष्काळानें त्यांचे आईबाप नेले त्याच्या आठवणीनेंच त्यांस दुसऱ्यांच्या सुटकेसाठीं धाडलें, असें आम्हांस वाटतें. म्हणून ते मृत्यु योग्य ठरले असें मात्र नव्हे. आई गेली ती गेलीच. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. रमाबाई तेव्हां बायबलाच्या मराठी भाषांतरांत गुंतल्या होत्या. तें काम त्यांनीं सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांस देवाज्ञा झाली.

पालकांस आमची एक विनंति आहे. आपल्या मुलाच्या वर्गबंधूवर असा प्रसंग आला तर त्यास देवाच्या हेतूंचा उलगडा सांगण्याची घाई करूं नये. त्याच्याजवळ थोडा वेळ बसावें, त्याच्यासह प्रार्थना करावी, आणि निघण्यापूर्वीं त्या घरीं संध्याकाळची चूल पेटली आहे कीं नाहीं तें पाहावें.