कावळ्याला मधे आणू नका

मराठी भाषा गरीब आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो. एका साध्या गोष्टीला आपल्याकडे नावं किती आहेत बघा. कावळा शिवला. बाहेरची आहे. लांब बसली. अडचण आली. शिवायचं नाही. आमच्या मालवणीत 'भायर असा'. मुली कॉलेजात जायला लागल्या तशी 'एम.सी.' आली, मग 'डेट' आली, मग 'प्रॉब्लेम' आला, आता 'पिरियड्स' आहेत. पहिल्यांदाच असेल तर 'शहाणी झाली'. (शहाणी झाली म्हणायचं आणि त्याच दिवसापासून तिला काही विचारू द्यायचं नाही!)

सगळ्यात मजा कावळ्याची. दहाव्याला पिंडाला शिवावा म्हणून जाणती माणसं पाण्याकाठी तासन्‌तास हात जोडून उभी राहतात, 'तुझ्या पोरांचं आम्ही बघू' अशी वचनं देतात, तरी हा पक्षी ढुंकून बघत नाही. घरातल्या बाईला मात्र दर महिन्याला न बोलावता, दारं-खिडक्या बंद असल्या तरी शिवून जातो. लहानपणी मी आईला विचारलं होतं, "कुठे शिवला?" उत्तराऐवजी पाठीत धपाटा मिळाला. माझा धाकटा भाऊ तर कितीतरी दिवस कावळा दिसला की घरात पळायचा. आपल्याला शिवला तर चार दिवस पडवीत बसावं लागेल ही त्याची भीती.

आता काही नातेवाईक मंडळी (ओळखतील स्वतःला) म्हणतील, ह्यात वाईट ते काय? सभ्यता आहे ती. शिवाय त्या निमित्ताने बायकांना चार दिवस विश्रांती मिळायची.

ही विश्रांती मी डोळ्यांनी पाहिली आहे. चुलीला हात लावायचा नाही, देवाला नाही, लोणच्याच्या बरणीला नाही, पाण्याच्या हंड्याला नाही. पण गोठ्यातलं शेण काढायला, गवत कापायला, लाकडं फोडायला, अंगण झाडायला काही हरकत नसे. विटाळ हंड्याला व्हायचा, शेणाला कधी झाला नाही. आणि वापरायची फडकी? ती धुऊन दुसऱ्या कपड्यांच्या खाली लपवून वाळत घालायची. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस, त्यात ती कधी धड वाळायची नाहीत. जिचं नाव घ्यायचं नाही, तिच्या फडक्याला ऊनही दाखवायचं नाही. कित्येकींना त्यापायी खाज आणि जखमा व्हायच्या. पण सांगणार कुणाला आणि कुठल्या शब्दांत? "डॉक्टर, कावळा शिवल्यापासून खाज येते"?

आता फडकी जाऊन पॅड आले. तेही वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीतून. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, ही एक पिशवी मात्र टिकून आहे. शेजारच्या दुकानातून बाटली नेणारे पुरुषही इतकी झाकपाक करत नाहीत. टीव्हीवरच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं निळं पाणी ओतून दाखवलं, जणू बाईच्या पोटात शाईची दौत आहे. सरकारचं तरी काय? जीएसटी आला तेव्हा कुंकू आणि बांगड्यांना माफी आणि पॅडवर १२ टक्के. जुलै २०१८ मध्ये तो काढला, तोही बायकांनी ओरडा केल्यावर.

हसून सोडून द्यायचा विषय असता तर मी हसूनच सोडला असता. पण २०२५ च्या जुलैत ठाणे जिल्ह्यात शहापूरला एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. पाचवी ते दहावीच्या मुलींना बोलावून 'कुणाची चालू आहे' म्हणून विचारणा झाली आणि काहींची कपडे उतरवून तपासणी करण्यात आली. पालक संतापले, पोलिसांत तक्रार झाली, मुख्याध्यापिकेला अटक झाली. आयुष्य शाळेत घालवलेल्या मला त्या बातमीनंतर दोन रात्री झोप लागली नाही. ज्या शाळेत हा शब्द मोठ्याने बोलायची सवय असते, तिथे मुलगी स्वतःच येऊन सांगते, "बाई, डाग पडलाय, पॅड द्या." गोष्ट दोन मिनिटांत संपते. जिथे शब्द चोरून बोलतात, तिथे मुलगीच चोर ठरते.

आमच्या कोकणात ह्या सगळ्याचा कळस चतुर्थीला होतो. मुंबईहून सुना-मुली येतात त्या पर्समध्ये पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊन, पुष्कळदा डॉक्टरला न विचारता. अहो, ती संप्रेरकं आहेत, लिमलेटच्या गोळ्या नव्हेत. रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती असलेल्या बाईच्या त्या जिवावर बेतू शकतात. आणि हे कुणासाठी? ज्याला पार्वतीने आपल्या अंगच्या मळातून घडवलं त्या गणपतीसाठी!

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. ऋषीची भाजी सगळे मिटक्या मारत खातात. बैलाच्या श्रमाचं खायचं नाही एवढं सर्वांना ठाऊक, पण व्रत कशाचं ते विचारा! पाळीच्या दिवसांत शिवाशिव झाली असेल त्या पापाचं ते प्रायश्चित्त. कथेतली बाई विटाळ पाळला नाही म्हणून पुढल्या जन्मी कुत्री झाली आणि तिच्या संसर्गाने नवरा बैल. भाजी छानच लागते, मीही करते. प्रायश्चित्त मात्र मी कधीच सोडून दिलं. न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायची तरी कुणाकडे?

हे माझं आधुनिक खूळ आहे असं समजू नका. चौदाव्या शतकात चोखोबांच्या सोयराबाईंनी विटाळावर अभंग रचला. ज्यातून प्रत्येकाचा जन्म, ते अपवित्र मानलं तर सोवळा उरतो कोण, असा त्यांचा रोख. सातशे वर्षं होत आली, उत्तर कुणी दिलेलं नाही. आमच्या धामापुरात १५३० सालच्या तळ्याकाठी भगवतीचं देऊळ आहे. देवीला आपण आई म्हणतो, पण बाई आई होऊ शकते ती कशामुळे, तेवढं बोलायचं नाही.

आणि 'पाळी' ह्या शब्दात लाजण्यासारखं आहे काय? खेळात पाळी येते, रांगेत येते, कारखान्यात रात्रपाळी असते. रात्रपाळीचा कामगार कधी कानात कुजबुजतो का?

तेव्हा येत्या चतुर्थीला माझ्या घरी येणाऱ्या सगळ्या भाच्या-सुनांना एवढंच सांगणं: गोळ्या घेऊ नका. पाळी आली तर आली, तसं सरळ सांगा. दुखत असेल तर खुशाल आडव्या व्हा, चहा मी आणून देईन. दुखत नसेल तर हात धुऊन स्वयंपाकघरात या. एकशे एक मोदक वळायचे असतात आणि मला हात कमी पडतात.