बालपणीची जखम आणि आजचं लैंगिक आरोग्य

गुप्तरोगाची तक्रार घेऊन कुणी दवाखान्यात आलं, की आपल्याकडे आधी त्याच्या चारित्र्याचा विचार होतो. आम्ही डॉक्टरही त्याला अपवाद नाही. गोळ्या लिहून देतो, 'कंडोम वापरा' म्हणतो आणि पुढच्या पेशंटला बोलावतो. माझ्या मते हा उपचार अर्धाच आहे.

१९९८ साली अमेरिकेत डॉ. फेलिट्टी आणि डॉ. आंडा यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड असे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव ज्यांनी लहानपणी सोसले होते, त्यांना लैंगिक संसर्ग होऊन गेल्याची शक्यता असं काहीच न सोसलेल्यांपेक्षा सुमारे अडीचपट होती. आपल्याकडेही हा प्रश्न लहान नाही. २००७ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं.

हे असं का होतं? लहान मूल प्रतिकार करू शकत नाही, घर सोडून जाऊ शकत नाही. मग ते गप्प राहतं, मन बधिर करतं, समोरच्याला खूश ठेवायला शिकतं. त्या वेळी याच सवयी त्याला तारतात. मोठेपणी मात्र त्याच अंगाशी येतात. नको असताना 'नाही' म्हणता येत नाही. नातं तुटेल या भीतीने कंडोमचा विषय निघत नाही. आठवणी बुजवायला दारू लागते. आणि तपासणी कायम 'पुढच्या महिन्यात' जाते.

तुमच्याबाबत असं घडलं असेल, तर दोष तुमचा नाही. धोका वाढतो म्हणजे तो अटळ आहे, असंही नाही. सवय शिकलेली असते, ती बदलता येते. समुपदेशनाने हे साधतं.

आज एवढं करा: लक्षणं नसली तरी तपासणी करून घ्या, कारण बरेच संसर्ग मुके असतात. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत आणि गोपनीय होते. असुरक्षित संबंध आला असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. मन मोकळं करायला टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

आणि आम्हा डॉक्टरांनी 'हे कसं झालं?' असं दरडावण्याऐवजी 'लहानपण कसं गेलं?' असं हळुवार विचारायला शिकलं पाहिजे.