"तू घरीच असतेस ना?" मग सणाच्या वस्तू कुणी करायच्या?



आषाढ संपत आला की आमच्या भिलाई-3 मध्ये अंगणात चिखल होतो आणि घरात सणांची यादी लागते. हरेली, राखी, पोळा, हरतालिका, गणपती, एकामागून एक रांगच. पावसामुळे मुलं घरात कोंडलेली असतात. त्यात शाळेचा निरोप येतो, "उद्या घरी बनवलेली राखी आणा." मग घरी असणाऱ्या आईला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "तू घरीच असतेस ना? मग विकत कशाला आणायचं?"

बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण या वाक्यात एक हिशेब लपलेला आहे. दुकानातल्या वस्तूला पैसे पडतात आणि आईच्या वेळेला काहीच पडत नाही, असा तो हिशेब.

आज या हिशेबाबद्दल बोलूया. हस्तकला सोडा असं मी सांगणार नाही. उलट, मुलांसोबत सणाची वस्तू करण्यासारखी मजा नाही. पण काटकसर करायची तर ती पैशांसोबत वेळेचीही करायला हवी.

आकडे काय सांगतात?

2019 साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा आकडा होता 97 मिनिटं. लेकरं आणि म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ वेगळा. तो बायकांसाठी 134 मिनिटं आणि पुरुषांसाठी 76. ही सगळी कामं बिनपगारी.

आता सांगा, "वेळच वेळ" कुठे आहे? घरी असलेल्या आईचा मोकळा तास हा घरातला सगळ्यात महाग तास असतो. तो खर्च करताना दहा रुपयांच्या नोटेइतका तरी विचार करावा.

भिलाईकरांची एक सोय

आमच्याकडे मराठी घरांना एक मोठी सोय आहे. नागपूर आणि दुर्ग 1956 पर्यंत एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. पुढे स्टील प्लांट आला, 1959 साली पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातून माणसं इथे आली. त्यामुळे इथल्या अनेक मराठी घरांत छत्तीसगढी सण शेजारधर्मानं आत आलेत.

गंमत अशी की कितीतरी सण एकाच दिवशी येतात. इथले लोक हरेली सावनातली म्हणतात आणि आपल्या कॅलेंडरवर त्याच दिवशी आषाढी अमावस्या असते, म्हणजे आपली दिव्यांची अवस! इथे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावस्येला, म्हणून नावं वेगळी, दिवस एकच. तसंच इथला पोरा म्हणजे आपला पोळा, आणि इथली तीजा म्हणजे आपली हरतालिका.

याचा फायदा घ्या. दोन्हीकडचं सगळं करायला जाऊ नका. एका दिवसाला एकच वस्तू पुरे.

करायला बसण्याआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न, सामान घरात आहे का? सत्तर टक्के सामान बाजारातून आणावं लागत असेल तर ती काटकसर नाही. चमकी, मणी, ग्लू गन आणि रंगीत कागद घेऊन केलेली राखी कधीकधी दुकानातल्या राखीपेक्षा महाग पडते.

दुसरा प्रश्न, या हवेत ते वाळेल का? हा प्रश्न व्हिडिओवाले सांगत नाहीत. श्रावणात इथे टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे कागदाच्या लगद्याचा मुखवटा काय वाळणार? त्याला बुरशी येते. म्हणून पावसाळ्यात कापड, दोरा, करवंटी, धान्य, कणीक. लगदा, खळ आणि मातीची कामं दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत किंवा उन्हाळ्यात. माती तर उन्हाळ्यातही सावलीतच वाळवा, कडक उन्हात तडे जातात.

तिसरा प्रश्न, लेकराच्या हाताला यात किती काम आहे? सगळं आईच करणार आणि लेकरू फक्त फोटोत उभं राहणार असेल, तर ते आईचं आणखी एक घरकाम झालं.

हरेली आणि दिव्यांची अवस: कणीक आणि करवंट्या

दिव्यांच्या अवसेला कणकेचे गोड दिवे हा मला सगळ्यात शहाणा प्रकार वाटतो. कोमट पाण्यात गूळ विरघळवा, त्यात चिमूटभर मीठ आणि थोडं तूप घालून कणीक घट्ट मळा. मुलांना गोळे द्या आणि अंगठ्यानं मध्ये खोलगट करायला सांगा. पंधरा मिनिटं वाफवा. पूजा झाली की तूप घालून खाऊन टाका. सामान घरातलं, वाळवायची कटकट नाही आणि दुसऱ्या दिवशी कपाटावर धूळ खात पडणारी वस्तूही नाही.

हरेलीला इथली मुलं गेडीवर चढतात. गेडी म्हणजे बांबूच्या दोन उंच काठ्या, पाय ठेवायला मध्ये बांबूचेच आडवे तुकडे बांधलेले. लहान मुलांना ती झेपत नाही. त्यांच्यासाठी करवंटीची गेडी करा. नारळ फोडला की डोळे असलेला अर्धा भाग बाजूला ठेवा. अशा दोन नारळांचे दोन भाग लागतील. डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तिथे स्क्रू ड्रायव्हरनं भोक सहज पडतं. हे काम मोठ्या माणसाचं. करवंटी घासून गुळगुळीत करा, मुलाच्या कमरेपर्यंत येईल एवढी दोरी भोकातून ओवा आणि आतल्या बाजूनं मोठी गाठ मारा. करवंट्या पालथ्या ठेवायच्या, दोरी पायाच्या अंगठ्याशेजारच्या फटीत घ्यायची आणि हातानं वर ओढत चालायचं. कोरड्या जमिनीवर, कुणीतरी जवळ असतानाच. टॉक टॉक आवाजानं घर दणाणतं, पण मोबाइल तासभर विसरला जातो.

राखी: साडीचा काठ आणि धान

छत्तीसगढमध्ये धानाच्या राख्या बचत गटांच्या बायका करतात, बाजारात मिळतातही. घरी करायची तर जुन्या साडीच्या जरीकाठाची दोन बोटं रुंद पट्टी घ्या. पुठ्ठ्याच्या रुपयाएवढ्या गोलावर फेव्हिकॉल लावून सालासकट धानाचे दाणे फुलासारखे चिकटवा, मध्ये एक डाळीचा दाणा ठेवा. गोल पट्टीवर टाका घालून बसवा. आदल्या दिवशी नको, दोन दिवस आधी करा. पावसात गोंद वाळायला वेळ लागतो.

घरात तीन वर्षांखालचं लेकरू असेल तर दाणे त्याच्यासमोर ठेवू नका. नाकात आणि तोंडात जायला क्षणही लागत नाही. त्याला पट्टीवर रंगीत बोटांचे ठसे उमटवू द्या. ती त्याची राखी.

पोळा: बैल विकत घ्या, झूल घरी करा

आता थोडं उलटं सांगते. पोळ्याला मातीचा बैल घरी बनवू नका, विकत घ्या.

पोऱ्याच्या आधी इथे कुंभार बाजारात नांदिया बैल घेऊन बसतात, मातीची चाकं लावलेले. शेजारी चिमुकली चूल, जातं, भांडी. तो बैल घडवायला, वाळवायला आणि भाजायला त्या घरातली सगळी माणसं राबलेली असतात. त्यांच्या घरची आईही त्यात असते, तीही "घरीच असते". आपण तीन दिवस चिखलात घालून तडे गेलेला बैल करण्यापेक्षा तिच्या हातचा भाजलेला बैल घेतला, तर दोन्ही घरांचं भलं होतं. फक्त घासाघीस करू नका.

घरी काय करायचं? झूल. बैलाच्या पाठीवर सुतळी टाकून माप घ्या, जुन्या ब्लाउजपीसचा चौकोन कापा, कडा आत दुमडून धावदोरा घाला. आठ-नऊ वर्षांची मुलं धावदोरा सहज शिकतात. शिंगांना लोकरीचे गोंडे, गळ्यात जुन्या पैंजणाचे घुंगरू. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा मुलांचा पोळा विदर्भातली मराठी माणसं जातील तिथे नेतात.

आणखी एक. परंपरेनं मुलाला बैल आणि मुलीला चूल-भांडी देतात. दोघांनाही दोन्ही द्या. वरचे 299 आणि 97 आकडे पुढच्या पिढीत जवळ यावेत असं वाटत असेल, तर सुरुवात खेळण्यांपासूनच करावी लागेल.

वाकडं झालं तर?

मुलांनी केलेली वस्तू वाकडी होतेच. ती होऊ द्यायची असते. 1945 साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा मॉन्टेसोरीची महागडी साधनं गावातल्या मुलांसाठी आणणं शक्य नव्हतं. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं, खडे, माती असं आसपास मिळणारं सामान साधन म्हणून वापरलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढलं. मुलांनी मोजावं, निवडावं, ओवावं, त्यातून शिकावं, यावर तिथे भर होता.

घरातही तेच लक्षात ठेवा. झूल तिरकी शिवली गेली तर रात्री मुलं झोपल्यावर ती उसवून नीट शिवत बसू नका. तो तुमच्या झोपेचा तास आहे.

तास वाचवायचे चार उपाय

एकच पिशवी ठेवा. जरीकाठ, बटणं, लोकर, पुठ्ठे यासाठी एक पिशवी, ती भरली की नवीन काही ठेवायचं नाही. "कधीतरी लागेल" म्हणून साठवलेला पसारा आवरणंही कामच असतं.

वेळ आधी ठरवा. आठवड्यातली एक दुपार आणि पाऊण तास पुरेसा आहे. अर्धवट राहिलं तर पुढच्या आठवड्यात.

आवराआवर वाटून घ्या. दाणे झाडणं मुलांकडे, करवंटीला भोक पाडणं बाबांकडे, धावदोरा शिकवणं आजीकडे. आजीला यात फार आनंद मिळतो, विचारून तर बघा.

आणि फुकट ऑर्डर घेऊ नका. तुमच्या हातची झूल किंवा बाळाचं दुपटं पाहून कुणी म्हणेल, "मलाही दे ना करून, तू तर घरीच असतेस." पहिलं प्रेमानं द्या. पाच हवे असतील तर हिशेब सांगा. समजा सामान 20 रुपयांचं, वेळ दीड तास आणि तासाचे तुम्ही 60 रुपये धरले, तर किंमत 110 रुपये होते. आकडा तुमचा तुम्ही ठरवा, पण वेळेच्या जागी शून्य लिहू नका.

पुढच्या ऋतूंसाठी थोडक्यात

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की जुन्या मऊ सुती साड्यांची गोधडी काढा. इथे तिला कथरी म्हणतात. एका हिवाळ्यात एक पुरे, रोज चार ओळी. उन्हाळ्यात अक्ती, म्हणजे आपली अक्षय तृतीया. छत्तीसगढात त्या दिवशी मुलं पुतरा-पुतरीचं, म्हणजे बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. तेव्हा चिंध्यांच्या बाहुल्या करा. सुट्ट्या असतात, ऊन असतं, आणि शेजारची मुलं वऱ्हाडी म्हणून आपोआप येतात.

शेवटी एवढंच, मैत्रिणींनो. एखाद्या वर्षी बाळ रात्रभर जागवत असेल, सासूबाई आजारी असतील किंवा तुम्हाला नुसतंच दमायला झालं असेल, तर दुकानातली राखी आणा आणि दुपारी झोपा. भावाच्या हातावर तीही तेवढीच शोभते. सणाला हातानं केलेली वस्तू असावी, पण घरातली आई हसरी असणं त्याहून जास्त गरजेचं आहे.

यंदा एकच वस्तू निवडा. दोन नारळ तर पूजेला फुटतीलच. डोळ्यांचा भाग तेवढा जपून ठेवा.