आठ काढला, लायसन मिळालं. पुढचा चिखल तुमचा तुम्ही बघा!

आपल्या जालना जिल्ह्यात गाडी शिकायची पद्धत ठरलेली आहे. चुलतभावाच्या मागं बसायचं, एक दिवस हँडल हातात घ्यायचं, दोन-चारदा आपटायचं. "पडल्याशिवाय गाडी येत नसते!" मग आरटीओत सपाट जागेवर आठ काढायचा. पाय टेकला नाही की झाला माणूस तयार.

आणि हा माणूस रोज गाडी चालवतो कुठं? मंठा, परतूर, घनसावंगीच्या काळ्या रानातल्या पाणंदीवर. कुणाच्या गाडीला दुधाचे कॅन, कुणाच्या टाकीवर खताची गोणी, मागं शाळेला निघालेली लेकरं. डर्ट बाईक म्हटलं की आपल्याला पुण्या-बंगळुरूची पैसेवाली पोरं आठवतात. अहो, पहिला पाऊस पडला की आपली शंभर सीसीची गाडी डर्ट बाईकच असते. फक्त टायर गुळगुळीत आणि शिकवण शून्य.

साध्या गोष्टी आहेत, पण सांगतं कोण? खडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबला की गाडी पसरते. एकदा असा पडलेला माणूस पुढचा ब्रेक वापरणंच सोडून देतो, तेही चूक. एक-दोन बोटांनी, चाक न अडकवता हळूहळू दाबायचा, जोडीला मागचा. ट्रॅक्टरच्या चाकोरीत गाडी शिरली की नजर चाकाखाली जाते, गडी तिरका बाहेर निघायला बघतो आणि तिथंच आडवा होतो. नजर पुढं, हात सैल, गुडघ्यांनी टाकी आवळलेली, एक्सिलेटर एकसारखा. खड्ड्यात बूड जरा उचलून भार फूटरेस्टवर घेतला तर दणका कंबरेला बसत नाही, गुडघे झेलतात. मातीत वळताना गाडी कलवायची, अंग सरळ ठेवायचं, भार बाहेरच्या फूटरेस्टवर. (काळी माती मडगार्डात भरून चाक जाम झालं तर मात्र कुठलंच तंत्र नाही. काडी घ्या आन् उतरा.)

कुणी म्हणेल, आधी रस्ते करा. करा ना! मातोश्री पाणंद रस्ते योजना २०२१ची. तुमच्या शिवारातली पाणंद झाली का, तुम्हीच सांगा. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला, पण त्यावर दुचाकीला बंदी. ज्यानं जमीन दिली त्याची गाडी चिखलातच. रस्ता होईपर्यंत त्यानं हातपाय मोडून घ्यायचे का?

दुसरे म्हणतील, असलं शिकवून पोरं आणखी माजतील. उलट आहे. रीलसाठी मागचं चाक उचलणाऱ्याला ओल्या मातीत गाडी थांबवायला सांगा, मग बघा. केरळातला शोरनूरचा हरिथ नोआ २०२४च्या डकार रॅलीत रॅली-२ गटात पहिला आला. तो काय हायवेवर कट मारून नाही आला, सुपरक्रॉसच्या ट्रॅकवर कित्येक वर्षं घासून आला. त्याच जानेवारीत पुण्यात सुपरक्रॉस लीग झाली, त्यासाठी मैदानात मातीचे उंचवटे बांधावे लागले. आपल्याकडं मातीला तोटा आहे का?

जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठका होतात, ब्लॅक स्पॉटवर चर्चा होते. त्यात एवढा एक विषय घ्या. प्रत्येक तालुक्याला एक पडीक जागा, तिच्यात चाकोरी, खडी, चढ-उतार आणि टँकरभर पाणी ओतून केलेला चिखल. शिकवायला एक जाणता माणूस. मे महिन्यात, पेरणीच्या आधी. आणि पहिल्या तुकडीत आशाताई, अंगणवाडीताई घ्या. वाडी-वस्तीवर त्यांनाच जावं लागतं, आणि बाई स्कूटीवरून घसरली की हसायला सगळा पार उभा असतो, शिकवायला कुणी नसतं.

हेल्मेटशिवाय कुणाला त्या मैदानात सोडू नका. नवी गाडी घेताना हेल्मेट मिळायला पाहिजे, केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं लिहिलेलं आहे. शोरूममध्ये फुलांचा हार आणि पेढे घेऊन फोटो काढता, तेव्हा तेही मागून घ्या.