मुकादमाची मुद्रा आणि मजुराचे समाधान

बांधकाम मजुराच्या समाधानाची चर्चा आपल्याकडे मजुरीच्या दरापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. दराचे महत्त्व कोणीच नाकारणार नाही. तथापि सकाळी नाक्यावर कामासाठी उभा असलेला बिगारी मुकादमाच्या शब्दांपेक्षा त्याच्या चेहऱ्याकडे अधिक लक्ष ठेवून असतो, ही गोष्ट अर्थशास्त्राने सोडून द्यावी इतकी क्षुल्लक नाही.

याचे कारण या उद्योगाच्या घडणीतच आहे. गिरणीत कामगाराचे आयुष्य एकाच छपराखाली जाई. इमारत उभी राहिली की मजूर मात्र पांगतात. मुंबई-पुण्याच्या एकाच स्लॅबवर मराठवाडा, बिहार, बंगाल व ओडिशा येथील माणसे राबतात. भाषा निरनिराळ्या आणि वर यंत्रांची घरघर. साहजिकच हुकूम हाताच्या खुणेने सुटतो आणि माणसाची किंमतही त्याच खुणेत कळते. क्रेनचालकासाठी हाताचे संकेत ठरवून दिलेले असतात, कारण तेथे चूक झाल्यास जीव जातो. वरिष्ठाने मजुराशी कसे वागावे याचे संकेत मात्र कोणी ठरवलेले नाहीत.

मग साहेबांना हसायला शिकवावे काय? मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली नोकरी मागणाऱ्यांच्या शिक्षणासंबंधी जो विचार मांडला, त्याचे मर्म येथेही लागू पडते: जो संकेत कोणालाही फुकट देता येतो, त्यावर विश्वास बसत नाही. स्मित फुकट आहे. सुरक्षा सप्ताहात छायाचित्रापुरती मारलेली फेरीही जवळजवळ फुकटच. याउलट, परांचीवर मजुराला चढवण्यापूर्वी स्वतः चढून पाहणारा अभियंता आणि खर्चीच्या दिवशी वेळेवर येऊन, नजरेला नजर देऊन हिशेब सांगणारा ठेकेदार यांनी आपला वेळ आणि जोखीम मोजलेली असते. मजूर हे अचूक वाचतो.

या मूक भाषेची खरी कसोटी दाखल्यापाशी लागते. कल्याण मंडळाकडील नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे, ही अट १९९६ च्या कायद्याने घातली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. त्या दिवसांच्या दाखल्यासाठी मजुराला बहुधा ठेकेदाराचेच दार गाठावे लागते. तेथे त्याला पाहून न पाहिल्यासारखे करणारा ठेकेदार एक शब्दही न बोलता त्याचा हक्क लांबवीत असतो.

न मागता हाती दिलेला दाखला हा सर्वांत बोलका संकेत होय; परंतु असा चांगुलपणा कोणाच्या मर्जीवर सोडून भागणार नाही. निदान सरकारी ठेक्यांत तरी दरमहा हजेरीचा दाखला देण्याची सक्ती व्हावी. मग मुकादमाने तो हसून दिला काय किंवा कपाळाला आठ्या घालून दिला काय, मजुरावर त्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहण्याची पाळी येणार नाही.