शब्द सारखे दिसले म्हणून?

‘तैमात’, ‘आलिगी’, ‘विलिगी’, ‘उरुगूला’, ‘ताबुव’. हे शब्द तुम्ही कधी ऐकले आहेत काय? अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात सापाचे विष उतरविण्याचे एक सूक्त आहे, त्यातले हे शब्द. नेहमीच्या संस्कृत धातूंवरून त्यांचा अर्थ नीट लागत नाही.

१९१७ साली डॉ. रा. गो. भांडारकर यांच्या गौरवार्थ पुण्यात एक लेखसंग्रह निघाला. त्यात लोकमान्य टिळकांनी हे कोडे हाती घेतले. हे शब्द मुळी संस्कृत नसावेतच, असे त्यांनी मांडले. बाबिलोनच्या कथेत तिआमत नावाची आदिसागराची राक्षसी आहे. ‘तैमात’ तीच असावी. ‘उरुगूला’ म्हणजे तिकडील पाताळ, ‘उरुगल’. ‘ताबुव’ तर त्यांनी पॅसिफिक बेटांवरील ‘टॅबू’शी जोडला!

टिळकांचे हे धाडस मला आवडते. अडलेला शब्द शेजारच्या भाषांत शोधावा, ही दृष्टी शास्त्रीयच आहे. पण शब्द सारखा वाटला, एवढा पुरावा मला पुरेसा वाटत नाही. फारसीतला ‘बद’ (आपल्या ‘बदनाम’मधला) आणि इंग्रजीतला ‘बॅड’ पाहा. उच्चार जवळचा, अर्थ तोच, आणि नाते मात्र काहीच नाही! उलट ‘चक्र’ आणि इंग्रजी ‘व्हील’ हे एकाच मुळातून निघालेले शब्द आहेत. पण कानाला तसे कधी वाटेल काय?

मग पाहावे काय? आधी संदर्भ. सूक्तात ‘तैमात’ हा काळ्या, पिंगट सापांच्या यादीत येतो आणि त्याचे रूप पुल्लिंगी आहे. बाबिलोनची तिआमत तर स्त्री! दुसरा पुरावा म्हणजे दुभाषी लेख. तुर्कस्तानातील प्राचीन लिडियन भाषेचे कोडे उलगडू लागले, ते सार्डिस येथे एकच मजकूर लिडियन व अरमाईक या दोन भाषांत कोरलेला सापडल्यामुळे. टिळकांच्या हाती असे काही नव्हते.

तिसरा मार्ग पुण्यातच आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या महाकोशाचे काम सुरू केले. सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द वेचून, कोणता शब्द कोठे आला याच्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तेथे जमविल्या गेल्या. शंभर ठिकाणी आलेल्या शब्दाचा अर्थ त्या शंभर वाक्यांतूनच उमगतो. ‘तैमात’च्या वाट्याला मोजक्याच चिठ्ठ्या येणार, आणि कोशाला ‘त’पर्यंत पोचायला अजून बराच अवकाश आहे.